रॉय टार्प्ली : सरासरीआड राहिलेले कौशल्य

बास्केटबॉलमध्ये नेम चुकून कडीवरून अथवा फळीवरून परतलेला चेंडू हस्तगत करणे यास ‘रिबाउंड’ म्हणतात. या कौशल्याचे मापन सामान्यतः दर सामन्यामागील सरासरीने केले जाते. तथापि खेळाडू किती मिनिटे मैदानावर होता, हे त्या सरासरीवरून कळत नाही. अमेरिकेतील डॅलस मॅव्हरिक्स संघाचा रॉय टार्प्ली (१९६४–२०१५) याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९८७-८८ च्या हंगामात टार्प्ली बहुतांशी राखीव खेळाडू म्हणून उतरे. सामन्यास सुमारे साडेअठ्ठावीस मिनिटे खेळून त्याने सरासरी ११.८ रिबाउंड मिळविले. त्या वर्षी अग्रस्थानी असलेल्या मायकेल केजची सरासरी १३.० होती, परंतु तो सुमारे ३७ मिनिटे खेळत असे. ४८ मिनिटांच्या पूर्ण सामन्याच्या मानाने पाहता टार्प्लीचा आकडा सुमारे २०, तर केजचा सुमारे १७ भरतो. टार्प्लीला १९८८ मध्ये उत्कृष्ट राखीव खेळाडूचे पारितोषिक मिळाले खरे; परंतु रिबाउंडच्या क्रमवारीत केजच वर राहिला.

पुढे गुडघ्याच्या दुखापती व व्यसन यांनी त्याची कारकीर्द खंडित केली. अमली पदार्थांविषयीच्या नियमांचा भंग केल्यामुळे १९९१ मध्ये त्याच्यावर बंदी आली. मधल्या काळात तो ग्रीसमध्ये खेळला आणि १९९४ मध्ये डॅलसला परतला. परंतु डिसेंबर १९९५ मध्ये मद्यपानाच्या कारणावरून बंदी कायमची झाली. सहा हंगामांत मिळून त्याचे सामने अवघे २८० भरले.

सारांश, मिनिटांच्या हिशेबाने त्याची योग्यता कळते. सामन्यांच्या संख्येने त्याची हानी कळते. त्याचे मूल्यमापन करताना या दोहोंची सांगड घालणे अगत्याचे आहे.