घरातला छापखाना

कृष्णा-तारळीच्या संगमावरचे आमचे उंब्रज काय किंवा शेजारचे कराड काय, छापखान्यात मजकूर नेऊन दिला की पूर्वी गिऱ्हाईकाचे काम संपे. कागद कोणत्या मापाचा, समास किती सोडायचा, शाई दाट हवी की पातळ, हे सारे जुळारी आणि यंत्रावरचा माणूस पाहून घेई. किर्लोस्करवाडीहून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. तिच्या वाचकाला या गोष्टींची वार्ताही असण्याचे कारण नव्हते. आता छापखाना टेबलावर मावेल एवढा होऊन घरी आला आहे, पण त्याबरोबर जुळारी काही आलेला नाही. त्याची कामे आपल्यावर पडली आहेत, आणि ती पडली आहेत हेच ध्यानात न आल्याने आपण प्रिंटरला बोल लावीत बसतो.

एक नेहमीचा अनुभव घेऊ. मुलाचा अर्ज छापला आणि सहीची ओळच तुटली. असे का व्हावे? अमेरिकेत चालणारा 'लेटर' कागद 216 मिलिमीटर रुंद व 279 लांब. आपल्याकडचा 'ए-फोर' 210 रुंद व 297 लांब. संगणकाला देश अमेरिका असे सांगितलेले असले, तर तो लेटर धरून चालतो. अर्ज ए-फोरचा आणि हुकूम लेटरचा, अशा वेळी खऱ्या आकारात छापले तर तळाची 18 मिलिमीटरांची पट्टी जाते, आणि सही नेमकी तेथेच करावयाची असते! 'फिट' निवडले तर तुटत काही नाही, पण सारेच आक्रसते. फोटो चिकटवायचा चौकोनसुद्धा. काही प्रिंटर तर कागद जुळत नाही म्हणून दिवा लुकलुकवीत स्वस्थ बसतात.

मग आम्ही छापतानाच्या चौकटीत ए-फोर निवडले. काम झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लेटर हजर! कितीतरी कागद वाया गेल्यावर उलगडा झाला, की त्या चौकटीतला हुकूम बहुधा तेवढ्या कामापुरताच असतो. कायमचा हुकूम द्यायची जागा निराळी. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' येथे आपला प्रिंटर निवडावा आणि 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये कागदाचे माप ठरवून टाकावे. शिवाय लेखाचे स्वतःचे माप असते, ते लेखातच बदलावे लागते. हुकूम ठाऊक असून भागत नाही. तो कोठे द्यायचा हे कळावे लागते.

त्याच पानावर आणखी एक कळ आहे. 2015 च्या अखेरीपासून विंडोज 10 मध्ये अशी सोय झाली, की ज्या प्रिंटरवर शेवटचे काम झाले तोच संगणकाने पुढे मुख्य मानावा. सोय चांगली, पण एकदा 'प्रिंट टू पीडीएफ' वापरून फाइल केली की पुढच्या वेळी कागद बाहेर येत नाही, संगणक फाइलचे नाव विचारतो. 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' ही कळ बंद करावी आणि मुख्य प्रिंटर आपणच नेमावा.

शाई वाचवण्यासाठी पुष्कळ मंडळी 'ड्राफ्ट' ठेवतात. घरच्या हिशेबाला हरकत नाही. मात्र आपल्या लिपीत अनुस्वार हा एवढासा ठिपका. बारीक अक्षरात तो फिका पडून दिसेनासा होतो, आणि 'घरांत' लिहिलेले 'घरात' होते. अर्जाला व नावागावांना 'नॉर्मल'च बरे.

राहता राहिली रांग. कागद आला नाही की आपण पुन्हा 'प्रिंट' दाबतो, पुन्हा दाबतो. ते हुकूम कोठे जात नाहीत. एकामागे एक रांगेत उभे राहतात. प्रिंटरची वायर निघाली होती हे लक्षात येऊन कोणी ती बसवली, की एकाच अर्जाच्या पाच प्रती भराभर बाहेर पडतात. म्हणून आधी 'ओपन प्रिंट क्यू' उघडून जादा कामे काढून टाकावीत, आणि मगच वायरीला हात लावावा.