सही कुणाची, हप्ता कुणाचा?

‘पहिलं घर’ लेखमाला : भाग ९

मागच्या भागात मुद्रांक शुल्क आणि खरेदीखत झालं. आता बँकेचं टेबल. समजा, नांदगाव पेठच्या एमआयडीसीत नोकरी करणारा सत्तावीस वर्षांचा अविवाहित मुलगा अमरावतीत कठोरा रोडला फ्लॅट घेतोय. त्याने कर्ज मागितलं पंचवीस लाखांचं. मंजुरीपत्रावर आकडा येतो पंचवीस लाख साठ हजार. वरचे साठ हजार कशाचे, असं विचारलं तर उत्तर तयार असतं : “तो लोनचा इन्शुरन्स आहे, सगळेच घेतात.” पंचवीस लाखांपुढे साठ हजार किरकोळ वाटतात. रजिस्ट्रीची तारीख तोंडावर असते, बिल्डरचे फोन सुरू असतात. मुलगा सही करतो.

या विम्याला बँका ‘होम लोन प्रोटेक्शन’ किंवा ‘कर्ज सुरक्षा’ म्हणतात. कर्जदार मुदतीत गेला तर विमा कंपनी उरलेलं कर्ज बँकेला चुकतं करते. कल्पना वाईट अजिबात नाही. पण ज्याला बायको-मुलं नाहीत, ज्याच्या पगारावर दुसरं कुणी जगत नाही, त्याने तो घ्यायचा का? अमरावती-अकोल्यात पहिली-दुसरी नोकरी लागताच घर घेणारी मुलं-मुली आता बरीच आहेत. हा प्रश्न त्यांचा आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकाच्या कर्जाच्या कागदावरच लिहिलेलं असतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गृहकर्जासाठी जीवन विमा घेतलाच पाहिजे, असा कोणताही कायदा भारतात नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम नाही, विमा नियामकाचाही नाही. बँक जो आग्रह रीतसर धरते तो इमारतीच्या विम्याचा, म्हणजे आग, भूकंप, पूर यांपासूनच्या संरक्षणाचा. तो वेगळा आणि बराच स्वस्त असतो. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची त्याची प्रमाणित पॉलिसीही मिळते. टेबलावर हे दोन विमे एकाच दमात सांगितले जातात आणि ऐकणाऱ्याला दोन्ही सक्तीचे वाटतात. कर्जाच्या निमित्ताने नको असलेला विमा गळ्यात मारला की कर्जच अप्रत्यक्षपणे महाग होतं, हे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकांना जाहीरपणे सुनावलं होतं.

ते कसं, हे आपल्या मुलाच्या साठ हजारांवरून कळेल. हा हप्ता एकरकमी असतो आणि बहुतेक वेळा कर्जातच मिळवला जातो. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर साठ हजारांपोटी मासिक हप्ता सुमारे ५२१ रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत त्याचे होतात जवळपास सव्वा लाख. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण गट विम्याला ती सूट मिळाली नाही. बँकेच्या टेबलावर मिळणारा कर्ज विमा बहुतेक वेळा गट विमाच असतो. मूळ पॉलिसी बँकेच्या नावाने, कर्जदार तिचा एक सदस्य. त्यामुळे त्यावर १८ टक्के कर अजूनही आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसोबत ‘मुख्य तथ्य विवरणपत्र’ देणं बँकांवर बंधनकारक झालं आहे. विम्याची रक्कम त्यात वेगळी दाखवावी लागते आणि कर्जाच्या एकूण वार्षिक खर्चातही धरावी लागते. सही करण्याआधी हा कागद मागून घ्यायचा आणि ती ओळ शोधायची.

ब्रिटनमध्ये असाच, कर्जाला जोडलेला विमा वर्षानुवर्षं विकला गेला. लोकांना तो नको होता, अनेकांना तो लागूच पडत नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये दाव्यांची मुदत संपली. तिथल्या बँकांना ग्राहकांना परत करावी लागलेली रक्कम ३८ अब्ज पौंडांच्या वर गेली. तिथेही एकरकमी हप्ता कर्जात मिळवायचीच पद्धत होती, म्हणून हे उदाहरण आपल्या कामाचं.

आता मूळ मुद्दा. कर्जदार गेला तर कर्ज कुणाकडे जातं?

‘बापाचं कर्ज पोरानं फेडायचं’ हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की पोराचं कर्ज बापाच्या माथी येणार, हेही लोक गृहीत धरतात. कायदा तसं म्हणत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे वारसाची जबाबदारी मयताच्या मालमत्तेतून त्याच्या हाती जे आलं तेवढ्यापुरतीच असते. मुलाने एकट्याच्या सहीने कर्ज घेतलं असेल तर बँक फ्लॅट विकून पैसे वसूल करू शकते, पण आई-वडिलांच्या पेन्शनला किंवा गावाकडच्या वावराला हात लावू शकत नाही.

सही असेल तर मात्र सगळं बदलतं. वऱ्हाडात एकट्याच्या सहीचं कर्ज तसं कमीच. मुलाचा पगार पुरत नाही म्हणून वडील सहकर्जदार होतात, नाहीतर मामा जामीन राहतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सहकर्जदार तर कर्जदारच. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पगारदार पतसंस्थांमध्ये एकाच शाळेतले, एकाच कार्यालयातले सहकारी एकमेकांना जामीन राहतात. कर्ज थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते. याची झळ काय असते, हे अकोला-अमरावतीच्या स्टाफरूममध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच अनेक पतसंस्था सभासदांकडून दरमहा थोडी रक्कम घेऊन कल्याण निधी उभा करतात आणि मृत सभासदाचं कर्ज ठरावीक मर्यादेपर्यंत त्यातून भागवतात. कर्ज विम्याचंच हे सहकारी रूप. ते नफ्यासाठी उभं राहिलं नाही, जामीनदारांनीच स्वतःला वाचवण्यासाठी उभं केलं. आपल्या संस्थेत असा निधी आहे का, मर्यादा किती, हे सचिवाला विचारून घ्यावं.

म्हणजे अविवाहित घरमालकाने आधी स्वतःला विचारायचं, की या कागदावर माझ्याशिवाय आणखी कुणाची सही आहे? साठी ओलांडलेल्या वडिलांची असेल तर विमा हवाच, यात दुमत नको. निवृत्त माणसाला महिना एकवीस हजार सातशेचा हप्ता (पंचवीस लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के) झेपत नाही. मुलगा गेल्याच्या दुःखात त्याला बँकेच्या नोटिसा वाचायला लावणं ही टाळता येणारी क्रूरता आहे.

वारसाहक्काची एक गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदू वारसा कायदा, १९५६ वऱ्हाडातल्या बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही लागू आहे. त्यानुसार अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची मालमत्ता पहिल्या वर्गातला वारस म्हणून आईकडे जाते. वडील दुसऱ्या वर्गात येतात. अविवाहित मुलगी गेली आणि घर तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल तर आई आणि वडील दोघंही वारस. म्हणजे मुलाच्या बाबतीत असं होऊ शकतं की कर्ज सहकर्जदार वडिलांच्या माथी आणि घर आईच्या नावावर. एका छताखाली नांदणाऱ्या घरात त्याने फार फरक पडणार नाही, पण सगळीच घरं तशी नसतात. साधं मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करता येतं. पंचविशीत ते अभद्र वाटतं, तरी करावं.

सही फक्त स्वतःची असेल, आई-वडिलांना स्वतःचं घर आणि पेन्शन असेल, तर कर्जाएवढ्या विम्याची गरज उरत नाही. घरच कर्ज फेडेल. अडचण फक्त वेळेची. अमरावतीत असो की अकोल्यात गोरक्षण रोडला, फ्लॅट रीतसर भावात विकायला काही महिने लागतात. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं अनुत्पादित होतं, मग सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस येते आणि लिलावात भाव पडतो. तेव्हा आईच्या हाती सहा-आठ महिन्यांचे हप्ते भरण्याइतके पैसे पडायला हवेत. हे पैसे पुष्कळदा आधीच तजवीज झालेले असतात, फक्त माहीत नसतात. खाजगी नोकरीत भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्यासोबत ‘ईडीएलआय’ हा विमा असतोच. त्याची वर्गणी मालक भरतो, भरपाई किमान अडीच लाख आणि कमाल सात लाख. सात लाख म्हणजे आपल्या उदाहरणातले बत्तीस हप्ते. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना दोन लाखांची, म्हणजे आणखी नऊ हप्त्यांची. या दोन्हींचं नामनिर्देशन आजच तपासावं. नोकरी लागली तेव्हा भरलेल्या फॉर्मवर कधी कुणाचं नाव असतं, कधी रकाना कोराच असतो.

मग ज्याला विमा खरोखर हवा आहे, त्याने टेबलावरचाच घ्यावा का? शक्यतो नाही. त्याऐवजी स्वतःच्या नावाचा साधा मुदत विमा, म्हणजे टर्म प्लॅन, घ्यावा. बँकेच्या विम्यात पैसा आधी बँकेकडे जातो. टर्म प्लॅनमध्ये, पॉलिसी बँकेच्या नावे अभिहस्तांकित केली नसेल तर, तो आईच्या खात्यात येतो. कर्ज फेडायचं, घर विकायचं, की हप्ते चालू ठेवायचे, हे ती ठरवते. कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेलं किंवा मुदतीआधी फेडलं तरी टर्म प्लॅन आपला आपल्याजवळ राहतो. तीन वर्षांनी लग्न झालं की तोच कामी येतो, आणि हप्ता सत्ताविसाव्या वर्षाचाच.

कर्ज विम्याची भरपाई दरवर्षी घटत जाते, तीही पहिल्या दिवशी छापलेल्या तक्त्याप्रमाणे. व्याजदर बदलला तरी तक्ता बदलत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. २०२१ मध्ये स्वस्त दराने कर्ज घेतलेल्यांची मुदत लांबली, मुद्दल हळू फिटू लागलं, पण विम्याचा तक्ता जुन्याच गतीने उतरत राहिला. दोन्हींमधली तफावत घरच्यांनाच भरावी लागते. मुळात मुद्दल फिटतंच सावकाश. साडेआठ टक्क्यांच्या वीस वर्षांच्या कर्जात दहा वर्षं हप्ते भरूनही पंचवीसपैकी साडेसतरा लाख बाकी असतात. काही कर्ज विम्यांची मुदत मात्र पाच-दहा वर्षांतच संपते. तेव्हा पॉलिसीवरची तारीख आणि कर्जाची शेवटची तारीख शेजारी ठेवून पाहायची.

एलआयसीने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘युवा क्रेडिट लाइफ’ आणि ‘डिजी क्रेडिट लाइफ’ हे कर्जासाठीचे वैयक्तिक विमे आणले. वय अठरा ते पंचेचाळीस, पण किमान विमा रक्कम पन्नास लाख. पंचवीस-तीस लाखांचं कर्ज घेणाऱ्या अकोलेकराला हे माप मोठं आहे. अशा तरुणाने साध्या टर्म प्लॅनचे दोन-तीन कंपन्यांचे दर मागवावेत आणि बँकेच्या एकरकमी हप्त्याशी व्याज धरून ताडून पाहावेत.

प्रस्ताव अर्ज भरताना एक गोष्ट लपवू नये : खर्रा. ‘कधीमधी खातो’ हेसुद्धा तंबाखूसेवनच. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनी तिच्यावर कोणत्याही कारणाने आक्षेप घेऊ शकत नाही, पण त्याआधी लपवलेल्या माहितीवर दावा फेटाळू शकते. बँकेच्या कर्ज विम्यात ‘माझी तब्येत उत्तम आहे’ असा छापील कागद सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवला जातो. तोही वाचूनच सही करायची.

आणि एकट्या माणसासाठी सगळ्यात मोठा धोका मृत्यूचा नाही. पंचविशी-तिशीत जीव जाण्यापेक्षा नोकरी जाण्याची, किंवा बडनेरा-अकोला अपडाऊन करताना पाय मोडून चार महिने घरी बसावं लागण्याची शक्यता अधिक. घरात दुसरा पगार नाही. अशा वेळी साधा कर्ज विमा एक रुपयाही देत नाही. म्हणून क्रम असा असावा : आधी आरोग्य विमा, मग सहा हप्त्यांइतकी मोडता येणारी मुदत ठेव, मग अपंगत्व आणि बुडालेली कमाई भरून देणारा वैयक्तिक अपघात विमा. यानंतर सहीचा प्रश्न शिल्लक असेल तर टर्म प्लॅन. करबचतीचं आमिष कुणी दाखवलं तर लक्षात ठेवावं, की नव्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्यावर ८०सी ची वजावट मिळत नाही.

ज्यांनी सही करून टाकली आहे त्यांचं काय? पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. मुदत उलटली असेल आणि कर्ज आधीच फेडलं, तर उरलेल्या काळाच्या हप्त्याचा काही भाग परत मिळतो का, हे विमा प्रमाणपत्रात पाहून लेखी अर्ज करावा. तो आपोआप मिळेल या भरवशावर राहू नये. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे पन्नास लाखांपर्यंतची तक्रार विनाशुल्क करता येते. जिल्हा ग्राहक आयोग अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही.

हप्ता कापला गेला, पण प्रमाणपत्र आलंच नाही, असंही घडतं. अशाच एका प्रकरणात गृहकर्जासोबत हप्ता घेतला गेला, वैद्यकीय तपासणी होण्याआधी कर्जदार गेला आणि कंपनीने विमा झालाच नव्हता असं म्हटलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. हप्ता स्वीकारून गप्प राहिलेल्या कंपनीला नंतर हात झटकता आले नाहीत. तरी त्या कुटुंबाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. हप्ता गेला असेल तर प्रमाणपत्र याच महिन्यात शाखेतून मागून घ्यावं आणि त्याची एक प्रत आईकडे द्यावी.

(पुढील आठवड्यात : कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेताना काय वाचतं, काय बुडतं)