खाऱ्या पाण्याचा फिशटँक आणि शेवाळ : आधी निदान, मग उपचार

कोयनेचे पाणी शिवसागरातून बोगद्याने सह्याद्रीपलीकडे उतरते, वीज करून वाशिष्ठीत जाते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. समुद्र मात्र घाट चढून पाटणला येत नाही. हौशी माणूस तोही घरी आणतो. दर लिटर पाण्याला साधारण ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ, एक पंप, निळसर दिवा, आणि दिवाणखान्यात दोन-चार केशरी-पांढरे ‘निमो’ मासे फिरू लागतात. काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर धरतो, मग दगडांवर हिरवे केस उगवतात, मग वाळूवर लालसर साय पसरते. इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो. कोणी औषध ओततो, कोणी दगड उकळत्या पाण्यात टाकतो. यातले काही उपाय मासे मारतात आणि एखादा माणसाच्याही जिवावर बेततो. म्हणून आज आरोग्याच्या या स्तंभात फिशटँक.

ताप हा जसा रोग नसून लक्षण आहे, तसेच शेवाळाचे. शेवाळाला दोन गोष्टी लागतात : उजेड आणि खत. टाकीतले खत आपणच घालतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. दगड-वाळूत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. म्हणून मासे जगतात, पण नायट्रेट पाण्यात साठत राहते. खाद्यातून फॉस्फेटही येते. उसाच्या शेतातले खत पावसाने वाहून ओढ्यात आले की ओढा हिरवा होतो. टाकीत तेच घडते, फक्त काचेआड.

नळाचे किंवा विहिरीचे पाणी वापरत असाल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करू शकते, म्हणून ही मर्यादा. प्रवाळ असलेल्या टाकीत मात्र नायट्रेट १० च्या आत आणि फॉस्फेट ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. म्हणजे आपल्याला पिण्यास निर्धोक असलेले पाणीही टाकीत शेवाळाला खत ठरू शकते. यासाठी आरओचे पाणी घेऊन त्यात मीठ मिसळणे चांगले.

आता निदान. नव्या टाकीतला तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर बहुधा डायटमचा असतो. पाण्यातील सिलिकेटवर तो वाढतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्याला औषध नको. हिरवे केसाळ शेवाळ म्हणजे खत आणि उजेड जास्त झाल्याची खूण. लालसर-जांभळी, चादरीसारखी सुटून येणारी साय हे शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. पाण्याचा प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यात ते आधी दिसतात. आणि बुडबुडे अडकलेले, शेंबडासारखे लोंबणारे तपकिरी धागे डायनोफ्लॅजेलेटचे असू शकतात. ते अनेकदा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणल्यावर फोफावतात. म्हणजे एकाला जे पथ्य, तेच दुसऱ्याला खुराक. पाणी तपासणीचे किट वापरल्याशिवाय उपचार सुरू करू नये, ते यासाठीच.

हिरव्या शेवाळावर उपचार साधे आहेत, पण चिकाटी लागते. टाकीवर खिडकीतले ऊन पडू देऊ नका. दिव्याला टायमर लावून तो रोज सात-आठ तासच ठेवा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच घाला. मुलांनी आणि आजी-आजोबांनी प्रेमाने वेगवेगळे खाऊ घातले तर मासे नव्हे, शेवाळ पोसते. केसाळ शेवाळ हाताने उपटून टाकीबाहेर काढा, कारण टाकीत मेलेले शेवाळ आपले खत पुन्हा पाण्यात सोडते. दर आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी बदला. वाफेने कमी झालेले पाणी मात्र बिनमिठाच्या पाण्यानेच भरा; वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मदतीला येतात. हे सारे केल्यावर फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो. तांब्याची औषधे शेवाळासाठी वापरू नका. त्यांनी गोगलगायी, खेकडे आणि प्रवाळ मरतात.

आता डॉक्टर म्हणून चार गोष्टी. लाल सायीवर काही जण एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके टाकतात. त्याने नायट्रेट कमी होत नाही, उपयुक्त जिवाणूंना धोका होतो, साय परत येते आणि औषध मिसळलेले पाणी गटारात जाते. औषधांना न जुमानणारे जंतू वाढण्याची चिंता असताना हे परवडणारे नाही.

दुसरे, झोअँथिड नावाचे बटणांसारखे दिसणारे जीव असलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, तो कोरडा घासू नका. त्यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते आणि उकळून ते नष्ट होत नाही. वाफेतून ते श्वासात जाऊन घरातली सगळी माणसे ताप, धाप आणि छातीत दुखणे घेऊन रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या आहेत. असा त्रास सुरू झाला तर खोलीबाहेर पडा, लगेच रुग्णालय गाठा आणि दगडाची हकीकत सांगा.

तिसरे, मालवणला सहलीला गेल्यावर प्रवाळाचा तुकडा टाकीसाठी उचलून आणू नका. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत संरक्षण आहे. तसेच टाकीतले पाणी, शेवाळ किंवा नकोसे मासे ओढ्यात किंवा समुद्रात सोडू नका. १९८४ मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात आढळलेले कॉलर्पा हे मत्स्यालयातले शेवाळ पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरले.

चौथी गोष्ट सर्वांत कामाची. टाकी साफ करताना दगडाने किंवा काचेने बोट खरचटते. त्या जखमेतून ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा जंतू शिरू शकतो. क्षयाच्या आणि कुष्ठाच्या जंतूंचा हा नातलग १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत प्रथम सापडला. दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बोटावर न दुखणारी लालसर गाठ येते. मग हातावर वर वर ओळीने गाठी येऊ शकतात. साध्या मलमाने त्या जात नाहीत. योग्य औषधे मात्र लागू पडतात, फक्त काही महिने घ्यावी लागतात. हा जंतू सुमारे ३० अंशांना वाढतो, शरीराच्या ३७ अंशांना नीट वाढत नाही, म्हणून प्रयोगशाळेला आधी सांगितले नाही तर तो तपासणीतही हुलकावणी देतो.

त्यामुळे लांब रबरी हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर टाकीचे काम दुसऱ्यावर सोपवा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. मधुमेह असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी हे कटाक्षाने पाळावे. आणि बोटावरची गाठ पंधरा दिवसांत बरी झाली नाही तर दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच वाक्यात सांगा : घरी खाऱ्या पाण्याचा फिशटँक आहे.