वाट बदलणारे मेंढपाळ

पशुपालक समाज परंपरेला चिकटून राहतो, बदलायला तयार नसतो, असा समज जगभर आहे. १९२६ साली अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मेलव्हिल हर्सकोविट्स यांनी पूर्व आफ्रिकेतील गुरेपाळ जमातींबद्दल लिहिले की, त्यांना गुरांचे मोल प्रतिष्ठेसाठी अधिक वाटते. पुढच्या अभ्यासकांना वेगळे दिसले. मोठा कळप ही दुष्काळाची तजवीज असते. निम्मी जनावरे दगावली तरी संसार उभा राहतो. केनियातील संबुरू लोकांनी तर दुष्काळ वाढल्यावर गाईंच्या जोडीला उंट पाळायला सुरुवात केली.

आपल्याकडेही हेच दिसते. माधव गाडगील आणि कैलाश मल्होत्रा यांनी सह्याद्रीतील गवळी धनगरांचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला. हे लोक डोंगरमाथ्यावर म्हशी पाळत आणि खोऱ्यातल्या कुणब्यांना लोणी देऊन धान्य घेत. जंगल आटले, चारा कमी झाला, तेव्हा अनेकांना शेती-मजुरीकडे वळावे लागले.

मेंढपाळ धनगरांचा हिशेब निराळा. फलटण, खंडाळा, बारामती भागातले वाडे, म्हणजे एकत्र फिरणारी कुटुंबे, दिवाळीनंतर मावळ-मुळशीकडे आणि कोकणात उतरतात. तोवर माळावरचे गवत संपत आलेले असते आणि तिकडे भातकापणी होऊन शेते मोकळी झालेली असतात. शेतकरी रात्री शेतात मेंढ्या बसवून घेतो. लेंडी-मुताने जमीन खतावते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. घाटावरही ही पद्धत आहे. मंडईतून आपण घरी नेतो ती भाजी अशा एखाद्या रानातली असू शकते. जूनच्या तोंडावर वाडे माघारी फिरतात, कारण कोकणच्या चिखलात मेंढीचे खूर सडतात.

आता ही वाट अरुंद होते आहे. गायराने आक्रसली, रानांना कुंपणे पडली, बागायत वाढल्याने मोकळे शेत मिळेना. जाड्याभरड्या लोकरीला भाव नाही. मेंढपाळांनीही चाल बदलली. मिळकत आता लोकरीऐवजी मांसावर आहे. म्हणून जत भागातील माडग्याळ जातीचा नर कळपात येतो. मेंढ्या कुठे बसवायच्या, हे मोबाईलवर ठरते.

सरकारदरबारी धनगर भटक्या जमाती (क) या गटात आहेत. २०१७ पासूनच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक नर यासाठी ७५ टक्के अनुदानाची तरतूद झाली. पण कळप वाढला तरी तो चारायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. आणि आठ महिने वाटेवर असलेल्या मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असून काय उपयोग?

म्हणून कार्यकर्त्यांनी वाडा गावी परतण्याची वाट पाहू नये. त्याच्या मुक्कामांची यादी करावी. लसीकरण निघण्यापूर्वी उरकावे, मुलांसाठी मुक्कामाजवळची शाळा किंवा गावी वसतिगृह पाहावे. मेंढपाळ ऋतूप्रमाणे वाट बदलतो. आपल्या मदतीनेही त्याच्या वाटेवर जायला हवे.