सही केली, पुढे काय?

'शाश्वत विकास' म्हटलं की आपल्याला आठवते ती पर्यावरणाच्या पेपरातली पाच मार्कांची टीप. स्टॉकहोम १९७२, ब्रुंटलांड अहवाल १९८७, रिओ १९९२, शेवटी २०१५ ची १७ उद्दिष्टं. सनावळी पाठ, मार्क खिशात! विकासाच्या केंद्रस्थानी माणूस आहे, हे रिओ जाहीरनाम्याचं पहिलं तत्त्वही आपण इमानदारीत लिहून येतो. पण मित्रांनो, अशा कागदांवर देशांनी सह्या करून कुणाचं काय भलं होतं? शब्द पाळला नाही तर पकडायला पोलीस येत नाहीत. मग उपयोग काय?

उत्तरासाठी जिनिव्हाला जायला नको, नंदुरबार पुरे. सरदार सरोवर धरण गुजरातेत, पण त्याचं पाणी मागे चढलं ते आपल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या ३३ आदिवासी गावांपर्यंत. १९७९ च्या नर्मदा लवादाने पुनर्वसनाचे नियम त्या काळच्या मानाने बरे घातले होते. ज्या कुटुंबाची पाव हिश्शाहून जास्त जमीन जाईल त्याला किमान २ हेक्टर ओलिताची जमीन. मेख होती ती 'त्याची जमीन' या शब्दांत. सातपुड्यातली कितीतरी शेतं सरकारी नोंदीत जंगल होती. आजा-पणजापासून कसत आलेल्या माणसाचं सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तो अतिक्रमणदार. आणि अतिक्रमणदाराला कसली आली जमिनीला जमीन!

१९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. विरोध वाढला तशी १९९१ मध्ये बँकेने एक स्वतंत्र समिती नेमली. ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष, कॅनडाचे कायदेपंडित थॉमस बर्जर उपाध्यक्ष. १९९२ च्या अहवालात या मंडळींनी एक जुना कागद पुढे केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५७ चा करार, क्रमांक १०७. भारताने तो १९५८ मध्येच मंजूर करून ठेवला होता! आदिवासी परंपरेने ज्या जमिनीवर राहतात तिच्यावरची त्यांची मालकी मान्य करायची, आणि हलवावंच लागलं तर निदान तितक्याच प्रतीची जमीन द्यायची, असं त्यात आहे. थोडक्यात, तो सातबारा विचारत नाही, वहिवाट विचारतो. मग 'अतिक्रमणदार' हा शब्दच लटका पडतो.

गंमत म्हणजे हा करार तसा बुरसटलेलाच. आदिवासींना हळूहळू बाकीच्या समाजात विरघळवून टाकावं असा त्याचा एकूण सूर. १९८९ मध्ये त्याच्या जागी १६९ क्रमांकाचा जास्त चांगला करार आला, तो मात्र भारताने स्वीकारलेला नाही. तरी त्या जुन्या कागदानेच इथे काम केलं, कारण त्यावर आपली सही होती.

मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून बँकेला कळवलं. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापलं. बँकेने स्वतःचेच नियम मोडले तर कुठल्याही देशातले प्रकल्पग्रस्त तिथे थेट तक्रार करू शकतात. पहिली तक्रार गेली नेपाळच्या 'अरुण-३' जलविद्युत प्रकल्पाची, आणि १९९५ मध्ये बँक त्यातून बाहेर पडली.

इकडे धरण काही थांबलं नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने बांधकामाला वाट मोकळी करून दिली, उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली, २०१७ मध्ये लोकार्पण झालं. गावं पाण्याखाली गेली ती गेलीच.

वहिवाटीचा मुद्दा मात्र बुडाला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्याचा हक्क देशाच्याच कायद्यात आणला. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो, आणि कागद नसला तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा म्हणून धरला जातो.