जुन्या जीपसाठी ॲक्सल रेशो: ४.८८ की ५.३८?

क्राउन व्हीलच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की ॲक्सल रेशो मिळतो. दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी जीपमध्ये ३९ भागिले ८, म्हणजे ४.८८, अशी जोडी होती. १९४५ साली नागरी वापरासाठी आलेल्या सीजे-२ए मध्ये ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८. नांगर ओढायचा तर दुसरी जोडीच बरी. पण मूळ मापाच्या टायरवर, टॉप गिअरमध्ये ताशी ८० किमीला ती इंजिनाला मिनिटाला सुमारे ३,१५० फेरे घ्यायला लावते. ४.८८ वर हेच फेरे २,८५० च्या आसपास येतात. जुन्या इंजिनाला हा फरक फार मोलाचा.

टायरचे माप आधी ठरवावे. साडेअठ्ठावीस इंचांच्या जागी ३१ इंची टायर चढवला की ५.३८ चा परिणाम जवळपास ४.९५ सारखा होतो. अशा वेळी ४.८८ घेतल्यास चढावर गाडी दमते.

पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो एकच असणे अत्यावश्यक आहे. या जीपमध्ये दोन्ही ॲक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल नाही; रेशो वेगळे असतील तर कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावताच शाफ्ट आणि गिअर पिळले जातात. जुनी गाडी घेताना म्हणूनच दोन्ही ॲक्सल तपासावेत: गिअर न्यूट्रलमध्ये, चाके जॅकवर, प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण. दोन्ही चाके एकत्र एक पूर्ण फेरा फिरवली की शाफ्ट पाचाला थोडा कमी फिरला तर ४.८८, पाचाहून थोडा जास्त फिरला तर ५.३८.