मागच्या खोलीतली शाळा

दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक बाई बसमध्ये बसते, गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देते आणि अमेरिकेचा इतिहास कूस बदलतो. रोझा पार्क्सची गोष्ट आपण अशीच ऐकलेली असते. पण १ डिसेंबर १९५५ च्या त्या संध्याकाळच्या चारेक महिने आधी याच बाई टेनेसीच्या डोंगरात दोन आठवड्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या! ओळखीच्यांनी शिष्यवृत्ती मिळवून दिली म्हणून जाणं जमलं.

हायलँडर फोक स्कूल हे त्या जागेचं नाव. डेन्मार्कमधल्या लोकशाळा पाहून आलेल्या माइल्स हॉर्टनने डॉन वेस्टच्या साथीने १९३२ साली ती काढली. परीक्षा नाही, पदवी नाही. गोलात मांडलेल्या झुलत्या खुर्च्यांत बसून आपल्या गावची अडचण मांडायची, दुसऱ्याची ऐकायची आणि निघताना सांगायचं : घरी गेल्यावर काय करणार?

काळे-गोरे तिथे एकाच टेबलावर जेवत. पार्क्सबाईंच्या आठवणीत राहिला तो सकाळचा वास. बेकन परतल्याचा, कॉफीचा. आणि हा नाश्ता गोरी माणसं आपल्यासाठी करताहेत, याची मौज! शिबिरातल्या चर्चांइतकंच काम या नाश्त्याने केलं असावं, असं मला वाटतं. तरी निघताना त्यांना फारशी आशा नव्हती. माँटगोमेरी या आपल्या शहरातले लोक काही एकजूट करायचे नाहीत, असंच त्यांचं मत. पुढे त्याच लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला.

ते शिबिर घेणाऱ्या सेप्टिमा क्लार्क साउथ कॅरोलिनातल्या शिक्षिका. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’चं सदस्यत्व सोडेनात, म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली, पेन्शनही बुडाली. हायलँडरने त्यांना कामाला बोलावून घेतलं.

त्यांच्याच राज्यातल्या जॉन्स आयलंडवर ईसॉ जेंकिन्स बस चालवत. मतदार व्हायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवायची अट होती. जेंकिन्स कामावर निघालेल्या प्रवाशांकडून तो रस्त्यातच घोकून घेत. हायलँडरच्या शिबिरात त्यांनी मागणी मांडली : आम्हाला रात्रीचा वर्ग हवा. जानेवारी १९५७ मध्ये तो सुरू झाला, सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढे वाणसामान, मागे अक्षरं. गोऱ्यांना संशय नको.

शिकवायला कोण? बर्निस रॉबिन्सन, बायकांचे केस करून देणाऱ्या. शिक्षकी पेशाचा गंधही नाही, आणि क्लार्कबाईंना तशीच व्यक्ती हवी होती. शिवाय गिऱ्हाइकं सगळी काळी. कामावरून काढून टाकणारा गोरा मालक मुळात नव्हताच! काय अचूक हिशेब होता हा.

पहिल्या रात्री चौदा प्रौढ आले. बालवर्गाची पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवताच रॉबिन्सनबाईंना ओशाळल्यासारखं झालं. ती बाजूला सारून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? नाव लिहायचंय, बायबल वाचायचंय, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय. मग तो फॉर्मच धडा झाला. नावं पुठ्ठ्यावर उमटवलेली; त्यांवरून पेन्सिल फिरवत राहायची. आपल्याकडे धूळपाटीवर अक्षरं गिरवत, तसंच की.

भिंतीवर त्यांनी लावला होता संयुक्त राष्ट्रसंघाचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा. वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला हा वाचता आला पाहिजे, म्हणाल्या. त्यातल्या पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’च्या जागी ‘सर्व माणसं’ असे शब्द आले, ते मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसा मेहतांच्या आग्रहामुळे.

टेनेसीच्या सरकारने १९६१ मध्ये हायलँडरची सनद रद्द केली, मालमत्ता लिलावात काढली. शाळेने नॉक्सव्हिलमध्ये नव्याने बिऱ्हाड थाटलं. रात्रीचे वर्ग तोवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेले होते. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात दक्षिणेतल्या गावोगावची माणसं शिकवायचं कसं ते शिकून जात आणि आपल्या गावी वर्ग उघडत.

पण रॉबिन्सनबाई सांगत ती आठवण त्या मागच्या खोलीतली. पासष्टीच्या एक बाई, लिहिता-वाचता न येणाऱ्या. एका संध्याकाळी फळ्यावर सगळ्यांची नावं होती. या बाई उठल्या, शिक्षिकेच्या हातातली पट्टी घेतली, एका नावावर टेकवली आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेल्या. ते नाव त्यांचं होतं.